जुना फोन, टीव्ही, कूलर विकताना: तालुक्याच्या दुकानात दोन पैसे जास्त कसे मिळवायचे

जुन्या वस्तूचा भाव दुकानदार उलटीकडून काढतो. हा फोन पुढच्या गिऱ्हाइकाला आपण कितीला विकू, तिथून त्याचा हिशेब सुरू होतो. समजा, तो फोन ६,००० रुपयांना जाईल. त्यातून त्याचा नफा १,००० काढला. डिस्प्ले बदललेला वाटतो, त्याचे १,२००. बॅटरी लवकर उतरत असेल, त्याचे ४००. बिल नाही, उद्या चोरीचा निघाला तर पोलीस स्टेशनच्या चकरा, त्याचे ५००. उरले २,९००. तुम्हाला तो सांगतो, "अडीच हजार होतील, भाऊ."

हे आकडे समजण्यापुरते आहेत, पण कापाकापी अशीच होते. यात १,००० त्याचे हक्काचे. बाकीचे २,१०० आणि वरचे ४०० शंकेचे. बहुतेक लोक जोर लावून घासाघीस करतात ती त्या हजारावर, आणि तिथे दुकानदार हलत नाही. कमाई शंकेच्या पैशात आहे. एकेक शंका पुराव्यानिशी काढली की भाव आपोआप वर सरकतो. ही तयारी घरीच करायची असते आणि तिला एक संध्याकाळ पुरते.

आधी ठरवा: विकायचं आहे की गहाण ठेवायचं आहे

तालुक्याच्या गावी काही दुकानांत असंही चालतं: "फोन ठेवा, तीन हजार घेऊन जा, महिन्याभरात साडेतीन हजार देऊन सोडवा." ऐकायला सोपं वाटतं. हिशेब केला तर तीन हजारांवर महिन्याला ५०० म्हणजे वर्षाला २०० टक्के व्याज होतं. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार व्याजावर कर्ज देण्याच्या धंद्याला परवाना लागतो आणि ठेवलेल्या वस्तूची पावती द्यावी लागते. तारण कर्जाला शासनाने ठरवलेला दर शेतकऱ्यासाठी वर्षाला ९ टक्के आणि इतरांसाठी १५ टक्के आहे. मोबाइल दुकानदाराकडे असा परवाना बहुधा नसतो. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाच्या (सहकारी संस्था) कार्यालयात करता येते, पण पावतीच नसेल तर दाखवणार काय?

गहाणात रक्कमही विक्रीपेक्षा कमी मिळते, कारण तुम्ही परत आलाच नाहीत तरी त्याचं नुकसान होऊ नये एवढेच पैसे तो देतो. वस्तू परत लागणारच असेल तर गोष्ट वेगळी. नाही तर सरळ विका. आणि कोणत्याही परिस्थितीत सिम व यूपीआय चालू असलेला फोन दुसऱ्याच्या ताब्यात ठेवू नका.

कागद: बिल, डबा आणि हप्ते

मोबाइलच्या धंद्यात "बिल-बॉक्स" हा एकच शब्द आहे. हे दोन्ही असले की चोरीच्या मालाची शंका संपते. ही शंका मोठी का, तर चोरीचा माल आहे हे माहीत असून घेतला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा होतो आणि फोन जप्त होतो, तो वेगळाच.

बिल हरवलं असेल तर ज्या दुकानातून घेतला तिथे तुमच्या मोबाइल नंबरवरून दुसरी प्रत निघते. ऑनलाइन घेतला असेल तर जुन्या ऑर्डरमध्ये बिल पडून असतं. नेट कॅफेतून प्रिंट काढून घ्या. डबा सापडला तर त्यावरचा आयएमईआय (फोनचा स्वतःचा १५ अंकी ओळख नंबर) आणि फोनचा आयएमईआय जुळतो का पाहा. फोनवर *#०६# दाबलं की नंबर दिसतो. दोन सिमच्या फोनला दोन नंबर असतात. घरात दोन-तीन फोन असले की डबे हमखास अदलाबदल होतात, आणि काउंटरवर नंबर जुळला नाही की बिल असूनही तुमच्यावरच संशय येतो.

जाण्याआधी आणखी एक तपासणी करा. मेसेजमध्ये इंग्रजी अक्षरांत केवायएम (KYM) लिहा, एक जागा सोडून १५ अंकी आयएमईआय टाका आणि १४४२२ वर पाठवा. फोन काळ्या यादीत आहे का, नंबर दुसऱ्या फोनवर चालतोय का, ते उत्तरात कळतं. संचार साथी पोर्टलवरही हीच सोय आहे. तुम्हीच हा फोन कुणाकडून सेकंडहँड घेतला असेल तर ही तपासणी अजिबात टाळू नका. आलेलं उत्तर दुकानदाराला दाखवा.

हप्त्यावर घेतलेला फोन असेल तर सगळे हप्ते फिटून एनओसी, म्हणजे बाकी नसल्याचा दाखला, हातात येईपर्यंत तो विकायला काढू नका. अशा कित्येक फोनमध्ये फायनान्सवाल्यांचं लॉक असतं. रीसेट केलं तरी ते जात नाही, आणि घेणारा आठ दिवसांनी दारात उभा राहतो.

फोनची तयारी

आधी साफसफाई. फोन बंद करा आणि चार्जिंगच्या खाचेतला कचरा लाकडी टूथपिकने हळू काढा. आपल्याकडे विदर्भात जिनिंगचा कापूस आणि शेतातली माती मिळून तिथे घट्ट गोळा बसतो. चार्जर सैल बसतो म्हणून दुकानदार "चार्जिंग बोर्ड गेला" म्हणून पैसे कापतो, आणि अर्ध्या वेळा तो नुसता कचरा असतो. सुई किंवा पिन घालू नका. आतली पट्टी तुटली तर खरोखरच बोर्ड बदलावा लागेल. स्पीकरच्या जाळीवर कोरडा मऊ ब्रश फिरवा. पेट्रोल, थिनर लावू नका, मागचा रंग निघतो.

तडकलेला टेम्पर्ड ग्लास घरीच काढून टाका. खालची मूळ काच साबूत असली तरी वरच्या तड्यामुळे पाहणारा आतही तडा धरून चालतो. पण नवा टेम्पर्ड लावून नेऊ नका. त्याला वाटतं, काहीतरी झाकलंय. उघडी काच सगळ्यात चांगली.

मग स्वतः चाचणी घ्या. सॅमसंगमध्ये *#०*#, रेडमी-शाओमीमध्ये *#*#६४८४#*#*, रिअलमीमध्ये *#८९९# दाबलं की तपासणीची यादी उघडते. त्यात टच, रंग, स्पीकर, कॅमेरा, सेन्सर एकेक करून पाहता येतात. दुकानदारही हेच करणार. टचचा कोणता पट्टा मेला आहे हे त्याच्याआधी तुम्हाला माहीत असलेलं बरं. पांढऱ्या पडद्यावर पिवळट सावली, म्हणजे "शेड", किंवा हिरवी रेघ दिसली तर तो डिस्प्लेचा दोष आहे, तो लपत नाही. आयफोनमध्ये सेटिंग्जच्या बॅटरी भागात बॅटरीची क्षमता टक्क्यांत दिसते. ८० च्या खाली असेल तर बॅटरीचे पैसे कापले जाणार हे गृहीत धरा.

दुरुस्ती करून विकावं का? फोल्डर, म्हणजे अख्खा डिस्प्ले, विकण्यासाठी म्हणून कधीच बदलू नका. तुम्हाला तो किरकोळ भावात पडतो, दुकानदाराला ठोक भावात. तुम्ही १,५०० घालाल आणि तो म्हणेल, "कॉपी फोल्डर आहे जी, याचं काही येत नाही." फुटका मूळ डिस्प्ले असलेला फोन अनेकदा कॉपी बसवलेल्या फोनइतक्याच भावात जातो. बॅटरी मात्र हिशेब करून बदलता येते: बॅटरीसाठी कापले जाणारे पैसे बदलायच्या खर्चाच्या निदान दुप्पट असतील तरच. फुगलेली बॅटरी असलेला फोन चार्ज करू नका, दाबू नका. दुकानात गेल्यागेल्या तसं सांगा.

आता डेटा. फोटो आणि संपर्क दुसरीकडे घ्या, व्हॉट्सॲपचा बॅकअप घ्या. बँकेची आणि यूपीआयची ॲप्स नुसती काढून भागत नाही. आधी ॲपमध्ये जाऊन यूपीआयची नोंदणी रद्द करा, मग ॲप काढा. मेमरी कार्ड काढून घ्या.

नवख्यांचा सगळ्यात जास्त पैसा बुडतो तो रीसेटमध्ये. अँड्रॉइडमध्ये गुगल खातं न काढता बाजूची बटणं दाबून रीसेट मारला, तर चालू झाल्यावर फोन आधीच्याच खात्याचा पासवर्ड मागतो. पासवर्ड आठवत नसेल तर दुकानदाराच्या लेखी तो फोन "लॉक", म्हणजे सुट्या भागांच्या भावाचा. गुगलचा पासवर्ड पोरानं टाकलेला असतो आणि पोरगा पुण्यात असतो, हे घरोघरी आहे. त्याला आदल्या दिवशीच फोन करा. आयफोनमध्ये "फाइंड माय" बंद करून ॲपल खात्यातून बाहेर पडावं लागतं.

क्रम असा ठेवा: बॅकअप आणि यूपीआय घरी, खातं काढणं आणि रीसेट दुकानात, भाव पक्का झाल्यावर, सेटिंग्जमधूनच. घरून कोरा करून नेलेला फोन तपासायला त्याला वेळ लागतो. चालू फोन समोर दिला की पाच मिनिटांत त्याचं समाधान होतं. चार्जिंग ८० टक्क्यांच्या वर असू द्या.

लॅपटॉप

इथे पहिला प्रश्न "कितवी जनरेशन?", म्हणजे चिप कितव्या पिढीची, हाच असतो. इंटेलच्या चिपचं नाव आय५-७२०० असं असेल तर सातवी, आय५-८२५० असेल तर आठवी. आठवीपासून पुढच्या बहुतेक चिपवर विंडोज ११ अधिकृतपणे चालतं. विंडोज १० चा कंपनीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे सातवीच्या आणि त्याखालच्या मशिनचा भाव मोडला आहे. असं मशिन बाळगून ठेवण्यात अर्थ नाही. मूळ चार्जर सोबत न्या. चार्जर नसेल तर चालू करून दाखवता येत नाही, आणि बंद लॅपटॉप म्हणजे भंगार. विकायची चांगली वेळ जून-जुलै, कॉलेजच्या प्रवेशाची.

टीव्ही, फ्रिज, कूलर

या वस्तू दुकानात नेऊ नका. घेणाऱ्याला घरी बोलवा आणि चालू दाखवा. टीव्हीची बहुतेक किंमत पॅनलमध्ये असते. रस्त्यात ऑटोमध्ये आडवा टाकलेला टीव्ही हिसक्याने तडकला की हातात काही उरत नाही. न्यायचाच असेल तर उभा, दोन्ही बाजूंनी थर्माकोल किंवा गोधडी लावून. रिमोट, स्टँड आणि भिंतीच्या पट्ट्या सोबत द्या. भाव ठरवताना जुनं बिल पुढे करू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा आणि एसीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नवा माल स्वस्त झाला की जुन्याचा भाव खाली येणारच.

फ्रिज घेणारा यायच्या आदल्या रात्रीपासून चालू ठेवा आणि बर्फाचा ट्रे भरून ठेवा. जमलेला बर्फ हाच गॅसचा दाखला. बरेच दिवस बंद असेल तर दार किंचित उघडं ठेवा. कुबट वास आला की बायामाणसं पाहूनच परत जातात, आणि फ्रिजचा निर्णय त्यांचाच असतो.

कूलरची गोष्ट विदर्भात वेगळीच. इथे भाव पंचांगावर चालतो. होळीच्या सुमारास लोक माळ्यावरचे कूलर काढतात, कोणाची मोटर जळालेली निघते, आणि जुन्या कूलरला गिऱ्हाईक सुरू होतं. मार्चच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत विका. नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) संपला की तोच कूलर कुणी फुकट म्हणून उचलेल. म्हणून नवा घ्यायचा विचार असेल तर उन्हाळा काढून मग जुना विकू असं म्हणू नका, उलटं करा.

घेणारा आधी कूलरच्या तळावर टकटक करून पाहतो. अकोला, बुलडाणा, अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात पाण्यातल्या क्षारांनी पत्र्याच्या कूलरचा तळ सडतो. टाकी रिकामी करून पांढरा थर खरवडा, गंज घासून रंगाचा एक हात मारा. ताट्या (बाजूच्या गवताच्या जाळ्या) नव्या टाका, खर्च थोडा असतो आणि वस्तू टवटवीत दिसते. पाण्याची मोटर चालते हे दाखवा. पंख्याची मोटर तांब्याच्या वाइंडिंगची असेल तर ते आवर्जून सांगा, त्याचे पैसे वेगळे मोजले जातात.

इन्व्हर्टरची मेलेली बॅटरी भंगारवाल्याला अंदाजाने देऊ नका. दीडशे अँपिअर-अवरची मोठी ट्युब्युलर बॅटरी पन्नास-साठ किलोची असते आणि तिच्यातल्या शिशाला भाव असतो. वजन करून द्या, किंवा नवी घेताना बॅटरीच्या दुकानात बदलीत द्या. वजन कमी करायला कुणी ॲसिड अंगणात ओतत असेल तर ओतू देऊ नका.

कधी विकावं

फोनसाठी साधा नियम: गावात पैसा आला की जुन्या फोनला गिऱ्हाईक येतं. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन विकलं जातं, मग कापसाच्या वेचण्या आणि लग्नसराई. नोव्हेंबर ते जानेवारी हा विकणाऱ्याचा काळ. पेरणीच्या तोंडावर, म्हणजे जूनमध्ये, बी-बियाण्यासाठी सगळ्यांनाच पैसे लागतात. दुकानात जुन्या फोनचा ढीग पडतो आणि भाव पडतो. पडून असलेली वस्तू असेल तर जूनच्या आधीच काढा.

काउंटरवर

दोन दिवस आधी गिऱ्हाईक बनून चौकशी करा. तुमच्याच मॉडेलचा जुना फोन दोन दुकानांत "कितीला द्याल?" असं विचारा. त्यातला कमी आकडा धरा. त्याच्या ६५ ते ७५ टक्के मिळाले तर सौदा चांगला, निम्म्यावर आला तर उठा. हा धंद्याचा ठोकताळा आहे, कायदा नव्हे.

जायचं ते सकाळी. आठवडी बाजाराच्या दिवशी दुपारी दुकानात गर्दी असते, नीट तपासायला वेळ नसतो, आणि घाईत तपासलेल्या फोनला कमीच भाव मिळतो. शेवटच्या एसटीच्या तासभर आधी तर मुळीच नको. तुम्ही घड्याळाकडे पाहताय हे त्याला कळतं. दवाखान्याला पैसे पाहिजेत, फी भरायची आहे, असलं काही बोलू नका.

आकडा त्यालाच आधी बोलू द्या. तो बोलला की लगेच "एवढेच का?" म्हणू नका. विचारा, "भाऊ, कशाकशाचे किती कापले?" हा एक प्रश्न घासाघिशीच्या अर्ध्या तासापेक्षा जास्त कामाचा आहे. तो म्हणेल, बॅटरीचे इतके, बिलाचे इतके. मग बिल पुढे ठेवा, १४४२२ चा मेसेज दाखवा, चाचणी उघडा. ज्याचे पैसे कापले त्याचाच पुरावा द्या. खरा दोष असेल तर तो तुम्हीच आधी सांगा. एक खरा दोष सांगितला की बाकीच्या बोलण्यावर विश्वास बसतो, आणि रीसेटनंतर दोष सापडला तर ठरलेला भाव मोडतो.

निदान तीन ठिकाणचे भाव घ्या. मोठ्या शहरात, नागपूरच्या सीताबर्डीसारख्या ठिकाणी, भाव जास्त मिळतो, पण जाण्यायेण्याचं तिकीट आणि बुडालेली मजुरी वजा करा. चार-पाचशेच्या फरकासाठी जाणं परवडत नाही. घरातली बाई जाणार असेल तर एसटीचं अर्धं तिकीट, हिशेब थोडा बदलतो.

शोरूमच्या एक्सचेंजमध्ये फसगत वेगळी असते. आधी जुना फोन खिशातच ठेवून नव्याचा रोखीचा शेवटचा भाव काढून घ्या. मग जुना देऊन किती भरायचे ते विचारा. दोन्हींतला फरक तोच तुमच्या फोनचा खरा भाव. "पाच हजार एक्सचेंज" म्हणतात, त्यातले दोन हजार असेच मिळणाऱ्या सवलतीचे असतात.

गावातल्याच माणसाला थेट विकलं तर भाव सगळ्यात चांगला, कारण मधला नफा वाचतो. धोका उधारीचा. "कापूस निघाला की देतो" असं म्हणणाऱ्याला नाही म्हणणं जड जातं, म्हणून दुकानाच्या भावापेक्षा थोडाच वर मागा, पण रोख मागा.

पैसे आणि पावती

विकत असलेल्या फोनमध्येच तुमचं सिम आणि यूपीआय असतं, हे ऐनवेळी लक्षात येतं. सोबत साधा फोन ठेवून सिम त्यात घाला. पैसे रोख घ्या किंवा घरच्या दुसऱ्या माणसाच्या खात्यावर मागवा आणि त्याला फोन करून बॅलन्स पाहायला सांगा. समोरच्याच्या स्क्रीनवरची हिरवी खूण किंवा आलेला मेसेज पुरेसा नाही. पैसे घेण्यासाठी क्यूआर स्कॅन करावा लागत नाही की पिन टाकावा लागत नाही. कुणी तसं सांगितलं तर सौदा तिथेच थांबवा.

दुकानदार आधारची प्रत मागेल, ते योग्यच आहे. प्रतीवर आडवं लिहा: "फक्त हा फोन विकण्यासाठी", तारीख आणि सही. बदल्यात तुम्हीही पावती घ्या. छापील नसेल तर साध्या कागदावर चालते: मॉडेल, दोन्ही आयएमईआय, रक्कम, तारीख आणि वेळ, देणाऱ्या-घेणाऱ्याचं नाव, सह्या, दुकानाचा शिक्का. वेळ लिहिणं विसरू नका. पुढे त्या फोनवरून काही गैरप्रकार झाला तर फोन तुमच्या हातून कधी गेला हे दाखवायला हाच कागद लागतो. त्याचा फोटो काढून घरच्यांना पाठवा आणि कागद बिलासोबत ठेवून द्या.

जे विकलंच जात नाही

थ्रीजी फोन, फुटक्या पॅनलचा टीव्ही, पाण्यात पडून मेलेला मोबाइल यांना दुकानदार भाव देणार नाही. तरी दुरुस्तीवाल्याला एकदा विचारा. बंद फोनचा कॅमेरा, मागचं पॅनल, टीव्हीचा मदरबोर्ड आणि बॅकलाइट त्याच्या कामाचे असतात. त्याच मॉडेलचं काम त्याच्याकडे आलेलं असेल तर दोन-चारशे सहज देतो. उरलेल्या तारा भंगारात द्यायच्या असतील तर तांबं काढायला त्या जाळू नका. धूर विषारी असतो, आणि जळकं काळं तांबं सोललेल्या तांब्यापेक्षा कमी भावात जातं.